हवेतल्या कणांवर बसलेलं विष कुठून आलं? पीएएचचा माग काढताना

डिसेंबरात पहाटे साडेपाचला पुण्यातल्या एखाद्या जुन्या पेठेत जाऊन उभे राहा. पहिला वास येतो तो बंबाचा: अर्धवट ओलं लाकूड, नारळाच्या करवंट्या आणि लवकर पेटावं म्हणून खाली सारलेला प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा बोळा. कोपऱ्यावर वॉचमनची शेकोटी. साडेनऊला त्याच जागी रिक्षा, टेम्पो आणि पीएमपीच्या बसचा धूर. सूक्ष्म धूलिकण मोजणारं यंत्र दोन्ही वेळी जवळपास सारखाच आकडा दाखवू शकतं, कारण ते फक्त वजन मोजतं. त्या कणांवर काय चिकटलंय, हे त्याला कळत नाही.

जे चिकटलंय त्यातला सगळ्यात वाईट गट म्हणजे पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन, थोडक्यात पीएएच. कुठलीही सेंद्रिय वस्तू अपुऱ्या ऑक्सिजनात जळाली की बेंझिनची कडी कडीला जोडली जाऊन हे रेणू तयार होतात. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कर्करोगाचं कारण काजळीत शोधलं. त्या काजळीतला मुख्य गुन्हेगार, बेंझो-ए-पायरीन, कोळशाच्या डांबरातून वेगळा काढायला १९३३ उजाडावं लागलं. आज तो आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या यादीत. नोव्हेंबर २००९मध्ये अधिसूचित झालेल्या भारताच्या हवा गुणवत्ता मानकांत त्याची वार्षिक मर्यादा आहे घनमीटरला १ नॅनोग्रॅम, तीही फक्त कणांवरच्या अंशासाठी. पीएम २.५ची, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची, वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ४०,००० नॅनोग्रॅम. गवताच्या गंजीत सुई शोधण्याचंच हे काम.

हा लेख रसायनशास्त्राच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्रयोगशाळेकडून अहवाल घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. काम पुण्यासारख्या शहरात करायचंय असं धरून लिहिते.

आधी प्रश्न नीट विचारा

‘पुण्याच्या हवेत पीएएच किती?’ हा स्रोत शोधण्याचा प्रश्नच नाही. ‘थंडीत पहाटे वाढणारं बेंझो-ए-पायरीन बंब-शेकोटीचं की वाहनांचं?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर चुकीचं ठरू शकतं. ज्या प्रश्नाचं उत्तर चुकूच शकत नाही, त्यावर फिल्टर वाया घालवू नका.

दुसरं म्हणजे वजनाचा स्रोत आणि विषाचा स्रोत एकच असतो असं धरून चालू नका. पुण्यात पीएम १०च्या (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या) वजनात रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा असतो. पण दगडमातीची धूळ स्वतः पीएएच तयार करत नाही. वजनात नगण्य वाटणारी एखादी भट्टी विषाच्या हिशेबात पहिल्या क्रमांकावर येऊ शकते. म्हणून ‘शहराचा स्रोत-अभ्यास आधीच झालाय की’ असं कुणी म्हटलं तर विचारा: वजनाचा, की पीएएचचा?

मग पायी फिरा

सॅम्पलर, म्हणजे फिल्टरमधून हवा ओढणारं यंत्र, बसवण्याआधी किमान आठवडाभर परिसर पायाखाली घाला. पहाटे, दुपारी, रात्री अकराला. वही घेऊन काय काय जळतंय ते लिहा: बंब, चूल, तंदूर, लाकडावरची बेकरी, शेकोटी, झाडलोटीनंतर पेटवलेला पालापाचोळा, कचऱ्याचा ढीग, डिझेल जनरेटर, स्मशानभूमी, वीटभट्टी. शहराच्या कडेला असाल तर उसाचं पाचट आणि गुऱ्हाळं. बेकरीवाल्याला सरपण कुठलं आणतोस हे विचारा. साधं जळाऊ लाकूड वेगळं आणि मोडक्या फर्निचरचं रंग-पॉलिश लावलेलं लाकूड वेगळं. मुंबईत हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तंदूरभट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं.

ही वही पुढे फार कामाला येते. शेवटी स्रोत वेगळे करण्याचं गणित करताना संगणक तुम्हाला ‘घटक क्रमांक ३’ एवढंच सांगेल. त्याला नाव द्यायचं ते या वहीतून.

नमुना घेण्याची जागा आणि वेळ

जागा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, चारी बाजूंनी मोकळी. कँटीनचा एक्झॉस्ट, जनरेटरचं धुराडं, गच्चीवरचा बंब यांपासून लांब. आमचा एक नमुना असा होता की त्या रात्रीचं बेंझो-ए-पायरीन आजूबाजूच्या दिवसांच्या कितीतरी पट निघालं. तीन दिवस आम्ही यंत्राला दोष देत होतो. मग कळलं, थंडी फार होती म्हणून रात्रपाळीचा रखवालदार आमच्याच जिन्याच्या तोंडाशी शेकोटी करून बसला होता, आणि तिच्यात वायरीचे तुकडे होते. तेव्हापासून गच्चीवर नोंदवही ठेवतो आणि रखवालदारकाकांना आधी चहा पाजतो.

हिशेब असा करा. लहान सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे चोवीस तासांत २४ घनमीटर. हवेत १ नॅनोग्रॅम बेंझो-ए-पायरीन असेल तर अख्ख्या फिल्टरवर २४ नॅनोग्रॅम. त्याचा अर्क १ मिलिलिटरवर आणला आणि १ मायक्रोलिटर यंत्रात सोडला, तर यंत्राला दिसतात २४ पिकोग्रॅम. चालतं, पण काठावर. मिनिटाला १.१ घनमीटर ओढणारा हाय-व्हॉल्यूम सॅम्पलर दिवसाला जवळपास १,५८० घनमीटर हवा घेतो. त्याच्या मोठ्या फिल्टरचे तुकडे करून एक पीएएचला, एक लेव्होग्लुकोसानला (लाकडाच्या धुराची खूण असलेला रेणू), एक कार्बनला असे वाटता येतात. स्रोत शोधायचाय तर हाच घ्या. शिवाय त्यात सहा-सहा तासांचे नमुनेही घेता येतात, आणि पहाट व दुपार वेगळी करता आली की अर्धी लढाई जिंकली.

सरकारी देखरेखीचा नियम वर्षाला १०४ दिवसांचा, म्हणजे आठवड्यातून दोनदा. तुम्हाला एवढं जमलं तर उत्तम. नाही जमलं तर पैसे वर्षभर पातळ पसरू नका. थंडीचे सहा आठवडे आणि उन्हाळ्याचे सहा आठवडे दाट नमुने घ्या. होळीची रात्र सोडू नका: शहरभर लाकूड आणि गोवऱ्या एकाच वेळी पेटतात, असा फुकटचा प्रयोग दुसरा नाही. दिवाळीच्या नमुन्यांवर मात्र वेगळी खूण करा. फटाक्यांच्या दारूत पोटॅशियम असतं, आणि लाकडाच्या धुराची खूण म्हणून तुम्ही पोटॅशियम धरलं असेल तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री सगळं पुणं चुली पेटवून बसलंय असा निष्कर्ष निघेल.

फिल्टर: इथेच बहुतेक अभ्यास बिघडतात

सेंद्रिय तपासणीसाठी क्वार्ट्झचा फिल्टर. वापरण्याआधी तो ४५० ते ५५० अंशांवर काही तास भाजून घ्या, म्हणजे त्यावर आधीपासून बसलेलं सेंद्रिय जळून जातं. धातू मोजायचे असतील तर शेजारी दुसऱ्या सॅम्पलरवर टेफ्लॉन. नमुना झाल्यावर भाजलेल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, अंधारात ठेवा, उणे २० अंशांना गोठवा. पीएएचला ऊन चालत नाही. बेंझो-ए-पायरीन तर ओझोननेही खाल्लं जातं, म्हणजे लांबलेल्या नमुन्यात हवा ओढता ओढताच ते थोडं कमी होत असतं.

दर दहा नमुन्यांमागे एक फील्ड ब्लँक: तोच फिल्टर, तोच प्रवास, तीच हाताळणी, फक्त पंप बंद. एका हंगामात आमच्या सगळ्या ब्लँकमध्ये नॅफ्थलीन भरभरून येत होतं. द्रावक बदललं, काचेची भांडी पुन्हा भाजली, काही फरक नाही. शेवटी कपाट उघडल्यावर नाकानेच सांगितलं. झुरळं होतात म्हणून कुणीतरी खालच्या फळीवर डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. डांबरगोळी म्हणजे पूर्वापार नॅफ्थलीनच, दोन कड्यांचं पीएएच, आणि ते कोळशाच्या डांबरातून काढत हे नावातच लिहिलंय!

आणखी एक मर्यादा. दोन-तीन कड्यांचे पीएएच बहुतांशी वायुरूपात राहतात, पाच-सहा कड्यांचे कणांवर बसतात, आणि चार कड्यांचे तापमान बघून बाजू बदलतात. एप्रिलातल्या पुण्यात फ्लुओरँथीन आणि पायरीनचा मोठा भाग फिल्टरमधून निसटतो. तो पकडायला फिल्टरमागे पॉलियुरेथेन फोमची नळी लागते. ती नसेल तर विश्वास पाच-सहा कड्यांवरच ठेवा.

प्रयोगशाळा

अर्क काढण्याआधी फिल्टरवर ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेले पीएएच, उदाहरणार्थ फेनँथ्रीन-डी१०, क्रायसीन-डी१२, पेरिलीन-डी१२, ठरावीक मात्रेत टाका. शेवटी ते किती परत मिळाले यावरून वाटेत किती सांडलं ते कळतं. मग डायक्लोरोमिथेनमध्ये सोनिकेटरवर तीनदा, किंवा सॉक्सलेटमध्ये रात्रभर. सिलिकाच्या स्तंभातून गाळा, रोटरीवर आटवा, शेवटी नायट्रोजनच्या बारीक झोताखाली. घाई करून कोरडं पाडलंत तर हलके पीएएच उडाले म्हणून समजा.

हे सगळं हूडमध्येच. आणि लक्षात ठेवा, नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे डायक्लोरोमिथेन काही मिनिटांत पार करतं. शिंतोडा उडाला की मोजे लगेच बदलायचे, ‘हे एक संपवून’ नाही.

मोजणी जीसी-एमएसवर, म्हणजे रेणू एकेक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, निवडक आयनांवर. २५२ वस्तुमानाच्या खिडकीकडे टक लावून बघा. तिथे बेंझो-बी आणि बेंझो-के-फ्लुओरँथीन आधी येतात, मग बेंझो-ई-पायरीन, लगेच मागे बेंझो-ए-पायरीन, शेवटी पेरिलीन. वस्तुमान सगळ्यांचं एकच. संगणकाने ‘ई’लाच ‘ए’ म्हणून उचललं आणि कुणी पीक (आलेखातला उंचवटा) डोळ्यांनी पाहिलंच नाही, असं मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय. दोघांचं शुद्ध स्टँडर्ड वेगवेगळं सोडून वेळ नक्की करा. जीसी-एमएस नसेल तर फ्लुओरेसन्स डिटेक्टर लावलेलं एचपीएलसीही (द्रावाच्या प्रवाहात रेणू वेगळे करणारं यंत्र) चालतं. त्यात ॲसिनॅफ्थिलीन दिसत नाही, पण आपल्या प्रश्नासाठी त्याची गरजही नाही.

रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यातलं किती परत मिळालं ते, साधारण ७० ते १२० टक्क्यांत हवी. वर्षातून एकदा तरी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची प्रमाणित शहरी धूळ, एसआरएम १६४९, त्याच रीतीने तपासून बघा. प्रयोगशाळेला काम देणार असाल तर दर विचारण्याआधी हा आकडा मागा.

गुणोत्तरं: सगळ्यांचं आवडतं आणि सगळ्यांत फसवं पाऊल

एका स्रोतातून निघणाऱ्या दोन पीएएचचं परस्परांशी प्रमाण ठरावीक असतं, या कल्पनेवर ही युक्ती उभी आहे. शक्यतो वस्तुमान सारखं असलेली जोडी निवडतात, म्हणजे वाटेत दोघांचं नुकसान साधारण सारखं होईल. रूढ सीमारेषा अशा: फ्लुओरँथीन भागिले फ्लुओरँथीन अधिक पायरीन ०.४च्या खाली आलं तर न जळलेलं तेल, ०.४ ते ०.५ पेट्रोल-डिझेलचं ज्वलन, ०.५च्या वर लाकूड, गवत किंवा कोळसा. इंडिनो-पायरीन भागिले इंडिनो-पायरीन अधिक बेंझो-जीएचआय-पेरिलीन हे ०.२ ते ०.५ असेल तर पेट्रोल-डिझेल, वर गेलं तर लाकूड-कोळसा. बेंझो-ए-पायरीन भागिले बेंझो-जीएचआय-पेरिलीन ०.६च्या वर म्हणजे वाहनं, असंही धरतात.

आता एक मनाने रचलेला नमुना घेऊ, सगळं नॅनोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये: फ्लुओरँथीन ०.९, पायरीन ०.८, बेंझ-ए-अँथ्रासीन ०.८, क्रायसीन १.१, बेंझो-बी-फ्लुओरँथीन १.८, बेंझो-के ०.७, बेंझो-ए-पायरीन १.२, इंडिनो-पायरीन १.५, डायबेंझ-अँथ्रासीन ०.२, बेंझो-जीएचआय-पेरिलीन १.६.

पहिलं गुणोत्तर येतं ०.५३, म्हणजे लाकूड-कोळसा. दुसरं ०.४८, म्हणजे पेट्रोल-डिझेल. तिसरं ०.७५, म्हणजे वाहनं. एकाच फिल्टरवर तीन साक्षीदार, आणि दोघांचं एकमत पाहून घाईने निकाल देणारे लेख ढिगाने सापडतील. पण दर मोजमापात १५ टक्के अनिश्चितता धरा, जी अजिबात जास्त नाही. मग दुसरं गुणोत्तर ०.४३ ते ०.५४ आणि पहिलं ०.४८ ते ०.५८ यांत कुठेही असू शकतं. दोन्ही पट्टे ०.५ची रेषा ओलांडतात. म्हणजे दोघांनीही काहीच सांगितलेलं नाही. तिसरा साक्षीदार तर मुळातच कच्चा, कारण बेंझो-ए-पायरीन वाटेत खाल्लं जातं आणि बेंझो-जीएचआय-पेरिलीन तुलनेने टिकतं.

म्हणून गुणोत्तरं एकेका नमुन्यावर लावू नका. पहाटेचे सगळे एका बाजूला, दुपारचे दुसऱ्या बाजूला मांडा आणि दोन ढिगांत फरक पडतो का ते बघा. रेषेच्या कुठल्या बाजूला आलात यापेक्षा वेळेनुसार कुठल्या दिशेला सरकलात हे जास्त बोलतं. आणि ०.५च्या वरच्या खणात लाकूड, गवत, कोळसा सगळं एकत्र कोंबलंय हे विसरू नका. चंद्रपुरात आणि पुण्यात त्या एकाच आकड्याचा अर्थ एक नसतो.

बेंझो-ए आणि बेंझो-ई-पायरीनची जोडी मात्र वेगळ्या कामाची आहे. ताज्या धुरात दोघं साधारण बरोबरीने असतात. ‘ए’ घटलेलं दिसलं तर हवा शिळी, लांबून आलेली. स्रोत कोणता हे त्यातून कळत नाही, पण जवळचा की दूरचा हे कळतं.

खुणेचे रेणू

भांडण सोडवायचं ते पीएएचच्या बाहेरच्या साक्षीदारांनी. सेल्युलोज जळाल्याशिवाय लेव्होग्लुकोसान तयार होत नाही, म्हणजे लाकूड, पाचट, पालापाचोळा. ते डायक्लोरोमिथेनमध्ये नीट उतरत नाही. मिथेनॉलसारखं ध्रुवीय द्रावक आणि नंतर सिलिलेशन (रेणू यंत्रात जाण्याजोगा करणारी प्रक्रिया) लागतं, म्हणून फिल्टरचा वेगळा तुकडा राखायचा. होपेन इंजिन ऑइलमधून येतात, तर वाहनं. कोळशाच्या धुरातही ते असतात, पण त्यांची ठेवण वेगळी. १,३,५-ट्रायफेनिलबेंझीन म्हणजे प्लॅस्टिक जळतंय. आपल्या गावांसाठी हा फार मोलाचा रेणू, कारण पेटवलेला कचरा एरवी सिद्ध करणं अवघड. पायसीन कोळशाची खूण. गोवऱ्यांच्या धुरात ५-बीटा-स्टिग्मास्टॅनॉल सापडतं, गुरांच्या आतड्यात वनस्पतीच्या स्टेरॉलपासून बनलेलं. १-नायट्रोपायरीन डिझेलकडे बोट दाखवतं, तर २-नायट्रोफ्लुओरँथीन थेट कुठून निघत नाही, हवेतच तयार होतं.

परदेशी लेखांत रेटीनचा फार बोलबाला असतो. ते सूचिपर्णी लाकडाचं आहे. हिमाचलात उपयोगी. बाभूळ, सुबाभूळ आणि आंब्याच्या फांद्या जाळणाऱ्या पुण्यात रेटीन सापडलं नाही म्हणून लाकूड जळत नाही असं लिहाल तर पंचाईत.

गणित: पीएमएफ

शंभराच्या वर नमुने जमले की पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन (पीएमएफ), म्हणजे एकत्र वाढणाऱ्या-घटणाऱ्या रेणूंचे गट, ‘घटक’, वेगळे काढणारं गणित. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं पीएमएफ ५.० हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्याला दोन तक्ते द्यायचे, एक मोजमापांचा, एक अनिश्चिततेचा, आणि खरी मेहनत दुसऱ्यावर. शोधमर्यादेखालच्या आकड्याजागी मर्यादेच्या निम्मी किंमत आणि अनिश्चितता मर्यादेच्या पाच-षष्ठांश. हरवलेल्या नमुन्याजागी मध्यक आणि अनिश्चितता त्याच्या चौपट. ही रूढ रीत आहे, पाळा.

घटक किती घ्यायचे? तीनपासून आठपर्यंत चालवून बघा, आणि बूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे नमुने उलटसुलट निवडून पुन्हा पुन्हा गणित करताना, जो घटक वारंवार विस्कटतो तो सोडा. खरा सापळा हवामानाचा आहे. थंडीच्या रात्री हवेचा थर जमिनीलगत दबतो आणि सगळेच स्रोत एकदम वाढतात. पीएमएफला वाटतं ते सगळे एकच. मग ‘मिश्र ज्वलन’ नावाचा एक लठ्ठ घटक निघतो आणि पीएएचचा मोठा हिस्सा गिळून बसतो. उपाय: थंडी आणि उन्हाळा वेगळा चालवून बघा, पहाट-दुपारचे नमुने ठेवा, आणि खुणेचे रेणू तक्त्यात घाला. निव्वळ नेहमीच्या यादीतले सोळा पीएएच घालून केलेल्या पीएमएफवर मी तरी विसंबणार नाही. त्या सोळा जणांचं एकमेकांशी फार गूळपीठ असतं.

वाऱ्याची साक्ष

प्रत्येक घटकाचे वरचे २५ टक्के नमुने काढा आणि त्या वेळी वारा कुठून होता ते बघा. ‘आर’ भाषेतलं ओपनएअर पॅकेज हे चित्र चटकन काढून देतं. वारा पडलेला असतानाच घटक वाढत असेल तर स्रोत शेजारी आहे. ठरावीक दिशेच्या वाऱ्यावर वाढत असेल तर वही उघडा आणि त्या दिशेला काय लिहिलंय ते वाचा. तीन-चार दिवस मागे नेणारे हवेचे नकाशे पाचटाच्या हंगामात थोडे कामाचे, गल्लीतल्या बंबासाठी नुसती शोभा.

विषाचा हिशेब

शेवटी प्रत्येक स्रोताचा वाटा नॅनोग्रॅममध्ये न देता बेंझो-ए-पायरीनच्या तुल्यांकात द्या, म्हणजे प्रत्येक पीएएचला त्याच्या विषारीपणाच्या गुणकाने गुणून. बेंझो-ए-पायरीनला १, बेंझ-ए-अँथ्रासीन, बेंझो-बी, बेंझो-के आणि इंडिनोला ०.१, क्रायसीन आणि बेंझो-जीएचआयला ०.०१. फ्लुओरँथीन-पायरीनचा गुणक इतका छोटा की सोडून देते. आपल्या रचलेल्या नमुन्यात या सहांची भर ०.५१ आणि बेंझो-ए-पायरीनचे स्वतःचे १.२, मिळून १.७१. आता डायबेंझ-अँथ्रासीन. काही तक्ते त्याला १ देतात, काही ५. पहिल्याने एकूण येतं १.९१, दुसऱ्याने २.७१. सगळ्या यादीत वजनाने सर्वांत लहान असलेला ०.२चा पीक, जो ब्लँकच्या जवळ रेंगाळतो, निकाल चाळीसेक टक्क्यांनी हलवून जातो. म्हणून कुठला तक्ता घेतला ते अहवालात लिहा, आणि त्या एका पीकचा क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेला आलेख) छापून सोबत जोडा.

जागतिक आरोग्य संघटनेचा गुणक लावला तर १ नॅनोग्रॅम बेंझो-ए-पायरीनमध्ये आयुष्यभर श्वास घेणाऱ्या दहा लाखांमागे ८७ जादा कर्करोग. हा आकडा मुळात कोक भट्टीवरच्या कामगारांच्या अभ्यासातून आलाय. पेठेतल्या आजींना तो छातीठोकपणे सांगू नका. दोन स्रोतांची तुलना करायला वापरा.

अहवालातलं मुख्य वाक्य साधारण असं असावं: ‘डिसेंबर ते जानेवारी, पहाटे ५ ते ११, या गच्चीवर, बेंझो-ए-पायरीन तुल्यांकातला इतका ते इतका टक्के भाग लेव्होग्लुकोसान आणि ट्रायफेनिलबेंझीन सोबत घेऊन येणाऱ्या घटकाचा, वारा पडलेला असताना तो वाढतो, परिसरात इतके बंब मोजले.’ मग पुढच्या डिसेंबरात, त्यातले काही बंब गॅसवर गेल्यावर, त्याच गच्चीवर त्याच वेळी पुन्हा फिल्टर लावायचा. रखवालदारकाकांसाठी या वेळी हीटर घेऊन जा.